वणव्यावरची पाळत

फाल्गुन-चैत्रात इन्सुलीच्या डोंगरउतारांवर काजू पिकू लागतो. नेमक्या त्याच दिवसांत झाडांखालचे गवत आणि पाचोळा वाळून कडकडीत होतो. महाराष्ट्राचे वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते. काजूचे कलम फळाला यायला तीन-चार वर्षे लागतात. ते जळायला एक दुपार पुरते. म्हणून वणवा कसा विझवावा, याआधी तो वेळेवर कसा दिसावा, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

डोंगरात ही घाई अधिक. आगीची धग वर जाते, चढावरचे गवत आधीच तापवते, आणि ज्वाळा पायथ्याकडून माथ्याकडे धावत सुटते. १९१० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील आयडाहो व मोंटाना या डोंगराळ प्रांतांत दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर रान जळाले. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर तेथे शिखराशिखरांवर टेहळणीचे मनोरे उभे राहिले.

मनोऱ्याची युक्ती मोठी साधी आहे. एका मनोऱ्यावरून धुराची दिशा कळते, अंतर कळत नाही. टेबलावर नकाशा मांडलेला, त्याभोवती अंशांचे कडे आणि धुरावर रोखायची दर्शकपट्टी, असे यंत्र ऑस्बोर्न नावाच्या वनाधिकाऱ्याने तयार केले. दुसऱ्या मनोऱ्यावरचा पहारेकरीही आपली दिशा टेलिफोनने कळवी. दोन्ही रेषा नकाशावर जेथे छेदत, तेथे आग!

आपल्या देशातही हा विचार जुना आहे. १८६० नंतरच्या दशकात सातपुड्यातील बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन यांनी जाळरेषा आखून वणवा रोखून दाखविला. जाळरेषा म्हणजे गवत आधीच काढून वा जाळून मोकळा ठेवलेला पट्टा. तेथे आगीला खायला काही उरत नाही.

आज पाळत आकाशातून होते. उपग्रहाला दिसलेल्या आगीची सूचना डेहराडूनची भारतीय वनसर्वेक्षण संस्था वनखात्याकडे धाडते. परंतु उपग्रह एका डोंगरावर खिळून राहात नाही. दोन फेऱ्यांमध्ये लागलेली लहान आग त्याच्या नजरेतून निसटू शकते. शेजारच्या गोव्यात मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानातील वणव्यांवर हेलिकॉप्टरांतून पाणी ओतावे लागले.

तेव्हा पहिली नजर गावाचीच. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात: कोणी बांध साफ करतो, कोणी भाजावळ करतो, कोणी विडी टाकतो. ज्याच्या हातून आग सुटली, तो भीतीने गप्प बसतो, आणि तेवढ्या वेळात ती शेजाऱ्याच्या बागेत शिरते. दोष कोणाचा हे मागाहून ठरवता येईल. आधी हाक मारणाऱ्याच्या मदतीला धावायचे, एवढी रीत गावाने पाळली, तर घरोघरचे अंगण हाच टेहळणीचा मनोरा होईल.