बुलव्हिप परिणाम : पुरवठा साखळीच्या संशोधनातला एक जिवंत वाद

ग्राहकांच्या मागणीतला किरकोळ चढउतार दुकानदार, वितरक आणि कारखाना अशा टप्प्यांतून मागे जाताना मोठा होत जातो, याला ‘बुलव्हिप परिणाम’ म्हणतात, आणि पुरवठा साखळीवर पीएचडी करणाऱ्यांना इतका विलक्षण प्रश्न क्वचितच दुसरा मिळेल. एमआयटीतील जे फॉरेस्टर यांनी १९५८ साली हे हेलकावे दाखवून दिले होते. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलला आढळले की, बाळांच्या डायपरची दुकानांतील विक्री फारशी बदलत नसतानाही वितरकांच्या ऑर्डरी मात्र जोरात वरखाली होतात. जॉन स्टर्मन यांनी १९८९ साली ‘बीअर गेम’ या पुरवठा साखळीच्या खेळावर आधारलेल्या प्रयोगातून दोष माणसांच्या निर्णयांत शोधला, कारण मागवलेला पण वाटेतच असलेला माल खेळाडू पुरेसा हिशेबात धरत नव्हते. याउलट हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी १९९७ साली असे मांडले की, प्रत्येकजण तर्कशुद्ध वागला तरीही ऑर्डरींवरून बांधलेले अंदाज, एकगठ्ठा खरेदी, सवलतींमुळे बदलणाऱ्या किमती आणि टंचाईच्या भीतीने फुगवलेली मागणी यांतून हा परिणाम उद्भवतो. दोन्ही बाजूंना भक्कम आधार असल्यामुळेच गणिती प्रतिमान, प्रयोग आणि कंपन्यांच्या प्रत्यक्ष नोंदी या तिन्हींवर पकड असलेला संशोधक येथे मोलाची भर घालू शकतो.