कातळाच्या तिजोरीतले लोखंड

दिवाळीच्या फराळासाठी माळ्यावरची लोखंडी कढई खाली काढली, की घरोघर एकच उद्गार ऐकू येतो : "अगबाई, किती गंजली ही!" पावसाळ्याच्या चार महिन्यांत हवेने आणि ओलाव्याने आपले काम चोख बजावलेले असते. मग ती कढई नळाखाली धरा की दोन दिवस भिजत घाला. गंज पाण्यात विरघळत म्हणून नाही. पण त्याच कढईत आमसुलाची आमटी केली, तर मात्र लोखंड आमटीत उतरते आणि आमटी काळवंडते. पाण्याला जे साधत नाही ते आंबटाला साधते! गृहिणींच्या रोजच्या अनुभवातल्या या दोन गोष्टी ध्यानात ठेवून, वाचकहो, आपण एका विलक्षण जीवाच्या भेटीला जाऊ.

हा जीव राहतो उघड्या दगडावर. ग्रीस देशात अथेन्स नगरीत फिलोपापोस नावाचे प्राचीन स्मारक आहे. त्याच्या जवळच्या संगमरवरी खडकावरून शास्त्रज्ञांनी एक काळी बुरशी गोळा केली. तिचे नाव क्नुफिया पेट्रिकोला. आपल्या लोणच्यावर किंवा शिळ्या पावावर येते तशी ही मऊ, पांढरी बुरशी नव्हे. तिचे बारीक, काळे ठिपके दगडाला घट्ट चिकटून असतात आणि अतिशय सावकाश वाढतात. वर तळपते ऊन, खाली कोरडा पाषाण, अन्न म्हणावे तर वाऱ्याने आणलेली धूळ, नाहीतर शेजारच्या शेवाळाने टाकलेले उष्टे! उन्हापासून बचाव व्हावा म्हणून तिने मेलॅनिनचा काळा अंगरखा चढवलेला असतो. आपल्या केसांना काळेपणा देणारे द्रव्यही याच जातीचे.

अशा या संन्याशिणीलाही एका गोष्टीवाचून चालत नाही, ती म्हणजे लोह. पेशीच्या श्वसनापासून नवी पेशी घडेपर्यंत लोहावाचून पान हलत नाही. आता कोणी म्हणेल, त्यात काय कठीण? पृथ्वीच्या कवचाचा सुमारे ५ टक्के भाग लोहच तर आहे! खरे आहे, परंतु ही श्रीमंती कुलूपबंद आहे. फार प्राचीन काळी हवेत प्राणवायू नव्हता आणि समुद्राच्या पाण्यात लोह सुखाने विरघळलेले असे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला आणि लोहाचा गंज होऊन तो तळाशी बसला. कोकणातला तांबडा जांभा दगड पाहा. पावसाने त्यातली इतर द्रव्ये धुऊन नेली, पण गंजलेले लोह जागचे हलले नाही. भरल्या घरात उपवास घडावा, तशी तेव्हापासून जीवसृष्टीची गत झाली आहे.

मग बुरशी काय करते? बुरशांपाशी यावर तीन युक्त्या आहेत. पहिली आमसुलाची : आंबट द्रव्ये पाझरून दगडातले लोह सोडवणे. दुसरी युक्ती पेशीच्या दारातली. तेथे गंजलेल्या लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन त्याचे विरघळणाऱ्या लोहात रूपांतर केले जाते आणि मग ते आत घेतले जाते. तिसरी सर्वांत चतुर. बुरशी लहान लहान रेणू तयार करून बाहेर धाडते. असा रेणू खेकड्याच्या नांगीसारखा लोहाच्या अणूला ऑक्सिजनच्या सहा अणूंनी चहूबाजूंनी पकडतो आणि ती शिकार घेऊन घरी परततो. या रेणूंना लोहवाहक म्हणावे. यांतला फेरिक्रोम हा लोहवाहक १९५२ साली जे. बी. नीलँड्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने वेगळा काढला, तोही एका बुरशीतूनच; आपल्याकडे ज्वारीवर काणी पडते त्या जातीच्या बुरशीतून!

या लोहहरणाचे परिणाम दगडालाही भोगावे लागतात. ऑलिव्हीन नावाचे हिरवट खनिज पाण्यात झिजू लागले, की त्यातून सुटलेल्या लोहाचा गंज त्याच्याच अंगावर चढतो आणि पुढची झीज मंदावते. गंजच जणू त्याचे चिलखत बनतो. बर्लिनच्या संशोधकांनी हेच खनिज क्नुफियाच्या सहवासात ठेवून पाहिले. बुरशीने सुटणारे लोह बांधून ठेवले, चिलखत चढू दिले नाही आणि दगड अधिक वेगाने झिजला. पर्वतांची माती होण्याच्या कामात अशा चिमुकल्या जीवांचाही हात आहे. प्राचीन स्मारकांची निगा राखणारे या काळ्या ठिपक्यांकडे काळजीने पाहतात ते उगाच नव्हे.

परंतु ही विद्या केवळ दगडापुरती नाही. थॅलसेमिया झालेल्या मुलांना जन्मभर रक्त द्यावे लागते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने आपल्याला दिलेली नाही. ते हृदयात आणि यकृतात साचत जाते. उपाय न केल्यास जीवावर बेतते. येथे धावून आला तो एक लोहवाहकच! मातीतल्या एका सूक्ष्म जंतूचा डेफेरॉक्झामाइन हा लोहवाहक १९६० च्या दशकापासून औषध म्हणून वापरात आहे. रात्रभर लहानशा पंपाने तो त्वचेखाली सोडतात. तो जादा लोह पकडून शरीराबाहेर नेतो. आता पोटात घेण्याची औषधेही आली आहेत, पण तत्त्व तेच, नांगीने लोह पकडण्याचे.

भुकेल्या जंतूने पोटासाठी घडवलेली किल्ली आपल्या मुलांचे प्राण वाचवण्यास उपयोगी पडली. तेव्हा यंदा कढईचा गंज घासताना हात दुखले, तर थोडे थांबा आणि अथेन्सच्या त्या काळ्या ठिपक्याची आठवण काढा. आपल्याला निदान काथ्या तरी आहे. त्या बिचारीला हे काम जन्मभर करायचे आहे, तेही जेवणासाठी!