स्टेरॉइड एकदम का थांबवू नये?

सप्टेंबर १९४८. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला फिलिप हेंच यांच्या पथकाने कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच यांना नोबेलही मिळालं. पुढे मात्र ते घेणाऱ्यांमध्ये गोल सुजलेले चेहरे, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर दिसू लागली.

आपल्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी याच जातीचं कॉर्टिसॉल बनवतात, सर्वांत जास्त सकाळी. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे घेतल्या की मेंदूला वाटतं, माल बाहेरून येतोय. मग तो ग्रंथींना ऑर्डर देणंच सोडतो. त्या आक्रसतात. अशात ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या एकदम बंद केल्या, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. डोस टप्प्याटप्प्यानेच उतरवायचा, तोही डॉक्टरांना विचारून.

कोविडमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजनवरच्या रुग्णांना वाचवलं. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा नव्हता. तरी ते सर्रास दिलं गेलं. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार फोफावला, त्यामागे मधुमेहाच्या जोडीला हेही कारण होतं.

दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड मात्र मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट श्वासनलिकेत जातं. लोक घाबरून नेमका पंपच बंद करतात!