चाळीतला कांदा आणि ढाक्याचा परवाना

मुळा धरणाच्या पाण्यावर नेवासे तालुक्यातल्या सोनईच्या शिवारात ऊस उभा राहतो आणि रब्बीत गावरान कांदाही. एप्रिलमध्ये कांदा काढला, पात वाळली, मान सुकली की तो साठवणीच्या चाळीत जातो. तिथून पुढचे पाच-सहा महिने हा कांदा जिवंत असतो, हेच मला सगळ्यात मोठं नवल वाटतं. तो चक्क श्वास घेतो. साठवलेली साखर हळूहळू खर्च करतो, वाफ आणि उष्णता बाहेर टाकतो. ती कोंडली तर सड लागते, म्हणून चाळीच्या भिंतींना फटी आणि तळाला हवेसाठी मोकळी जागा ठेवतात. श्वास मंदावलेला असला तरी थांबत नाही. दिवाळीपर्यंत वजनातली घट, सड आणि कोंब मिळून तीस-चाळीस टक्के माल हातचा जाऊ शकतो. शेतकऱ्याला भावाची वाट पाहता येते, पण कांद्याच्या झोपेला मुदत असते.

या मुदतीतच पद्मा नदीपलीकडून निर्णय येतात. बांगलादेश हे आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक. तिथे परदेशी कांदा आणायचा तर व्यापाऱ्याला सरकारचा आयात परवाना लागतो. परवाने बंद झाले की पश्चिम बंगालच्या सीमेवरून गाड्या पुढे जात नाहीत, आणि निर्यातीसाठी माल घेणारा व्यापारी सोनईजवळच्या घोडेगावच्या लिलावात हात आखडता घेतो. एखाद-दुसऱ्या वक्कलाला, म्हणजे लिलावातल्या ढिगाला, चढा भाव मिळतो, त्याचीच बातमी होते. बाकीच्या गोण्या, विशेषतः गोल्टी म्हणजे बारीक कांदा, मिळेल त्या भावात जातात.

ढाक्याचं सरकार असं का करतं? पाबना आणि फरीदपूर हे तिथले कांद्याचे जिल्हे. त्यांचा मुख्य कांदाही मार्च-एप्रिलमध्येच निघतो. नेवासे तालुक्यातला शेतकरी आणि पाबन्यातला शेतकरी एकाच ऋतूत, एकाच आशेने कांदा काढतात. आपला स्वस्त कांदा तिथे गेला की पाबन्यातल्या शेतकऱ्याचा भाव पडतो. त्याच्यावर रागावून काय करायचं? आपणही आपल्या सरकारकडे अशीच पाठराखण मागतो.

आणि गिऱ्हाइकाला ही सावधगिरी आपणच शिकवली. सप्टेंबर 2019 मध्ये भारताने अचानक निर्यात बंद केली, तेव्हा बांगलादेशात कांद्याचे भाव इतके भडकले की विमानाने कांदा आणावा लागला. त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन जाहीरपणे सांगितलं होतं, की मी स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हटलंय. असा निर्णय घेताना आधी कळवत जा. वर्षभरात, 14 सप्टेंबर 2020 ला, पुन्हा बंदी आली आणि भरलेल्या गाड्या सीमेवर अडकल्या. मग ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात पूर्ण बंदी, मे 2024 मध्ये बंदी उठून पुन्हा 40 टक्के शुल्क. दरम्यान बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान अशी दारं ठोठावली आणि घरचं पीकही वाढवलं.

1 एप्रिल 2025 ला भारताने निर्यातशुल्क काढून टाकलं. आपलं दार सताड उघडलं, पण पलीकडचं मिटत गेलं. डिसेंबर 2025 मध्ये बांगलादेशाने आयातीला परवानगी दिली, तीही सुरुवातीला रोज 50 परवाने आणि परवान्यामागे जास्तीत जास्त 30 टन, एवढीच. म्हणजे दिवसाला 1500 टन. तोवर एप्रिलमध्ये चाळीत गेलेल्या गावरान कांद्याची झोप संपून त्याला कोंब फुटायची वेळ झालेली.

ढाक्याचं धोरण आपल्या हातात नाही, दिल्लीचं आहे. कांद्याचं निर्यात धोरण डिसेंबरात, रोपांची लागण होताना जाहीर करावं आणि चाळी रिकाम्या होईपर्यंत बदलू नये. घोडेगावच्या आवारात गोण्या उतरवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचा त्यावर हक्क आहे, आणि सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकाचा विश्वासही त्यानेच परत येईल.