वर्षावासात लावा बरबटी, बियाणे ठेवा घरचे

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचन चालते. याच तीन महिन्यांत बरबटी उगवते, फुलते आणि शेंगा देते. पुण्या-मुंबईकडे तिला चवळी म्हणतात, आपल्या नागपुरात बरबटी. बरबटीचे वडे आपण आवडीने खातो, पण तिचा वेल आता वस्तीत क्वचितच दिसतो. आपल्या आज्या गावाहून येताना पदरात मूठभर बियाणे बांधून आणायच्या. ती मूठ पुन्हा घरात यावी, म्हणून हा लेख.

आरोग्यासाठी बरबटी का?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. 100 ग्रॅम वाळलेल्या बरबटीत 20 ते 24 ग्रॅम प्रोटीन असते, शिवाय लोह आणि भरपूर फोलेट असते. फोलेट म्हणजे फोलिक अ‍ॅसिडचाच नैसर्गिक प्रकार. नवे रक्त तयार व्हायला आणि गरोदरपणी बाळाच्या वाढीला ते लागते.

बरबटीतले लोह अंगी लागावे म्हणून उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा. बरबटी रात्री भिजवून ते पाणी फेकून द्या आणि चांगली शिजवा, म्हणजे पोटात गॅस कमी होतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी बरबटी खायला हरकत नाही, पण लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेली फोलिक अ‍ॅसिडची गोळी बरबटी खातो म्हणून बंद करू नये.

लावायची कशी?

अंगण नसले तरी चालते. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा किंवा रंगाची बादली घ्या. तळाला पाच-सहा छिद्रे पाडा आणि माती व शेणखत मिसळून भरा. मुहूर्त पाहायची गरज नाही. दोन-तीन चांगले पाऊस झाले आणि माती चार बोटे ओली झाली की एक इंच खोल तीन-चार बिया टोचा. बी आधी भिजवू नका, पावसाळ्यात ते सडते. पाच-सहा दिवसांत कोंब येतात. त्यातली दोन दमदार रोपे ठेवा. वेल चढायला बांबू, सुतळी किंवा पऱ्हाटीच्या काड्या लावा.

बरबटीच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. म्हणून युरिया घालू नका. घातला तर पाने माजतात आणि शेंगा कमी लागतात. कोवळ्या शेंड्यावर काळा मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, नाहीतर साबणाचे पातळ पाणी शिंपडा. नालीचे पाणी झाडाला कधीच देऊ नका. डब्याखाली पाणी साचू देऊ नका, त्यात डेंग्यूचे डास वाढतात.

बियाणे राखणे

दोन महिन्यांत भाजीच्या शेंगा मिळू लागतात. पण सगळ्या तोडून खाऊ नका. सर्वांत निरोगी, भरपूर शेंगांच्या वेलाला निळा धागा बांधा आणि त्याच्या शेंगा वेलावरच वाळू द्या. खुळखुळ वाजू लागल्या की काढा. बरबटीच्या फुलात परागण बहुधा आपल्या आपणच होते, म्हणून गावरान बी पुढच्या वर्षी जवळपास तसेच उगवते.

बी दोन-तीन दिवस उन्हात कडक वाळवा. वेलावर असतानाच भुंगा शेंगेवर अंडी घालतो आणि डब्यात बी पोखरतो. म्हणून चाळलेली लाकडाची राख बियांइतकीच घेऊन मिसळा आणि बरणी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. बरणीवर वर्ष लिहा. पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात ठेवून पाहा. आठ उगवल्या तर बी चांगले. दुकानातले औषध लावलेले रंगीत बियाणे मात्र चुकूनही शिजवू नका.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी देशी वाणांची बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याला बँक नको, एक बरणी पुरे. बियाणे घरचे असेल तर दरवर्षी दुकानदारापुढे हात पसरावा लागत नाही. स्वावलंबन आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलेच आहे.

येत्या आश्विन पौर्णिमेला विहारात येताना पुडीत वीस-पंचवीस बिया घेऊन या आणि शेजारच्या घरी द्या. एखाद्या वर्षी आपले बी वाया गेले तर तेच बी त्या घरून परत मिळेल.

जयभीम. नमो बुद्धाय.