खजूर उतरला, रोजा राहिला

मगरीबची अजान होते तेव्हा मिरजेतल्या एका जुन्या बेकरीमागच्या घरात दस्तरखानावर एक छोटी वाटी वेगळी ठेवलेली असते. वाटीत दुधात भिजवून, बी काढून कुस्करलेला एकच खजूर. घरातले सगळे रोजा सोडतात आणि चाचा तो खजूर चमच्याने, थांबत थांबत, वर कोमट पाण्याचे घोट घेत खातात. चाचांचा स्वतःचा रोजा नसतो. पण अजान ऐकल्याशिवाय ते वाटीला हात लावत नाहीत.

आधीची चार वर्षे सगळे उलटे होते. रोजे एकही न चुकता होत, पण रोजा सोडायचा खजूर घशाखाली उतरत नसे. यंदा खजूर उतरतो, तर रोजा ठेवायला डॉक्टरांची मनाई आहे.

चाचा हे गल्लीने दिलेले नाव. वय साठीच्या आसपास, धंदा वडिलांपासून बेकरीचा. दुखणे सुरू झाले तेही पावापासूनच. भट्टीतून निघालेल्या पहिल्या लादीतला एक पाव तोडून चहाबरोबर खायचा, ही त्यांची तरुणपणापासूनची सवय. एका पहाटे तो घास छातीच्या मधोमध अडकला. पाणी प्यायले, पाठ ताठ केली, उतरला. मग आठवड्यातून एकदा, मग रोज. पुढे भाकरी, भात आणि शेवटी पाणीसुद्धा अडकू लागले.

पहिल्या दवाखान्यात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या दवाखान्यात जास्त ताकदीच्या. दुर्बिणीतून तपासणी झाली, त्यात फारसे काही दिसले नाही. रात्री खोकल्याची उबळ येई म्हणून छातीचा फोटो काढला, टीबीची तपासणी झाली, तीही निघाली नाही. मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव. सांगली-कोल्हापूरकडून, थेट कर्नाटकातून माणसे इथे उपचाराला येतात. त्या गावात राहून चाचांना आपल्या आजाराचे नाव कळायला चार वर्षे लागली. दोष कुणा एकाचा नव्हे. दर वर्षी लाखात साधारण एकाला होणारा हा आजार, आणि आपल्याकडे छातीत काहीही झाले की अ‍ॅसिडिटी म्हणून मोकळे व्हायची सवय. आणखी एक कारण होते, पण ते खुद्द चाचांकडेच होते.

ते कारण रमजानचे. खाणे जमत नसलेल्या माणसाला लपायला रमजानसारखी जागा नाही. दिवसभर कुणी जेवायला बोलवत नाही. ताटात का उरले, असे विचारत नाही. वजन उतरले तर ‘रमजानमध्ये उतरतंच’ म्हणायची सोय. प्रश्न फक्त दोन वेळांचा. सहेरीला चाचा सगळ्यांच्या आधी उठत आणि अंगणात एकटेच दूध पीत. बसून नाही, उभ्याने. घोट अडला की हात वर करून, छाती पुढे काढून येरझाऱ्या घालत. तसे केले की कधी कधी वाट मोकळी होई. संध्याकाळी मस्जिदीत रोजा सोडताना ते वाढायच्या कामाला लागत. सरबताचे ग्लास, फळांच्या फोडी, भजी, सगळे पुढे करत फिरत. ‘चाचा आधी सगळ्यांना खिलवतात, मग स्वतः खातात,’ असे लोक कौतुकाने म्हणत. चाचा ते ऐकून घेत. नंतर ते खातच नव्हते, हे कुणी पाहिले नाही.

तरावीहच्या नमाजला ते मागच्या रांगेत खुर्चीवर बसू लागले. लोकांना वाटले, गुडघे. खरे म्हणजे सजद्यात डोके टेकवले की तासाभरापूर्वीचे पाणी तसेच तोंडात येई. अन्न पोटात पोहोचतच नव्हते, ते वरच साचून राहत होते. रात्री आडवे झाले की तेच उशीवर येई, थोडे श्वासनलिकेत जाई, त्याचा खोकला. उशीचा अभ्रा ते स्वतः धुऊन टाकत. एकाहत्तर किलोचे चाचा बावन्नवर आले.

गेल्या रमजानमध्ये शेवटच्या दहा रोज्यांत हे लपणे संपले. घरी रोजा सोडताना नातवाने हट्टाने स्वतःच्या हाताने खजूर भरवला. तो अडकला. तो ढकलण्यासाठी प्यायलेले पाणी तसेच परत आले, सगळ्यांसमोर, दस्तरखानावर. त्या रात्री भाभींनी उशीचे अभ्रे, अंगणातल्या येरझाऱ्या, सगळ्याचा हिशेब लावला. भाभींचा राग अजून पुरता गेलेला नाही. आजार लपवला याचा नव्हे, रोज्याच्या आड लपवला याचा. “रोजा मोडला असता तरी चाललं असतं,” त्या म्हणतात. “पण अल्लाहसाठी ठेवलेल्या उपाशीपणात आजार घुसडला, ते मला पटत नाही.” यावर चाचांकडे उत्तर नाही. मनात भीती होती ती कॅन्सरची, एवढेच ते सांगतात.

ईदनंतर बेरियम नावाचे पांढरे औषध पाजून एक्स-रे काढला. फोटोत अन्ननलिका वर फुगलेली आणि खाली एकदम निमुळती, पक्ष्याच्या चोचीसारखी दिसली. पुण्याला नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेतला दाब मोजला, तेव्हा नाव पक्के झाले: अकॅलेशिया कार्डिया. कॅन्सर नव्हता.

डॉक्टरांनी घरच्यांना समजावले ते असे. आपण गिळतो तेव्हा अन्न नुसते खाली पडत नाही. सुमारे पंचवीस सेंटिमीटरची अन्ननलिका लाटेसारखी आकसत ते पुढे ढकलते आणि पोटाच्या तोंडाशी असलेला स्नायूचा कडा तेवढ्यापुरता सैल होतो. या आजारात नलिकेच्या भिंतीतल्या मज्जापेशी मरतात. लाट थांबते, कडा सैल होत नाही. पायजम्याची नाडी घट्ट आवळून गाठ पडावी तसे. म्हणूनच घट्ट पदार्थांबरोबर पाणीही अडकू लागले, खाल्लेले न पचता परत येऊ लागले, वजन घटू लागले, तर गोळ्यांवर गोळ्या न घेता ही तपासणी मागायला हवी.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, गाठ मात्र सोडवता येते. सतराव्या शतकात, 1674 मध्ये, इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक काडीला स्पंज बांधून रुग्णाचे अन्न खाली ढकलायची युक्ती काढल्याची नोंद आहे. 1913 मध्ये जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी तो स्नायूच कापून सैल केला. चाचांची शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाची, फक्त आता ती पोटावर पाच लहान भोके पाडून दुर्बिणीने होते. 2008 मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी तोंडातूनच दुर्बीण घालून स्नायू कापण्याची पद्धत आणली, तीही आता भारतात होते. चाचांनी आधी फुग्याने कडा ताणून घेण्याचा उपाय केला. पावसाळ्यात केला, दिवाळीपर्यंत टिकला. मग जानेवारीत शस्त्रक्रिया. बाहेरचा स्नायू उभा चिरला, आतले अस्तर शाबूत ठेवले आणि आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग त्यावर ओढून टाके घातले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा औषध पाजून फोटो काढला. गळती नाही याची खात्री झाल्यावर नर्सने अर्धा कप पाणी दिले. चाचा सवयीने उठून उभे राहू लागले. “बसूनच प्या,” नर्स म्हणाली. पाणी गेले. ते खाली जाताना काहीच जाणवले नाही, आणि ते काहीच न जाणवणे त्यांना चार वर्षांनी मिळाले. चाचा बराच वेळ कप हातात धरून बसले होते.

घरी आल्यावर आठवडाभर पातळ, मग मऊ. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे. अन्ननलिकेची लाट गेली ती गेलीच, आता अन्न आपल्या वजनानेच उतरते. म्हणून ताठ बसून खायचे, घासामागे पाणी प्यायचे आणि खाल्ल्यावर तीन तास आडवे व्हायचे नाही. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा आल्या. सकाळी उपाशीपोटी आम्लाची गोळी. या सगळ्यात रमजान उगवला. दिवसभर कोरडे राहून संध्याकाळी पोटभर खाणे, सहेरी करून पुन्हा पाठ टेकणे, असल्या टाक्यांना नको तेच सारे. डॉक्टरांनी यंदा रोजे नाहीत असे स्पष्ट सांगितले.

चाचांना ते मान्य नव्हते. आता कुठे घसा चालू लागला आणि आताच नाही? ते मौलानांकडे गेले. आजारी माणसाने आणि प्रवाशाने तेवढे रोजे नंतर पुरे करावेत, हे कुरआनच्या सूरह बकरामध्येच आहे. मौलानांनी ते सांगितले आणि पुढे म्हणाले, “सवलत नाकारणं म्हणजे जास्तीची इबादत नव्हे, चाचा.” मग चाचांनी फिदया विचारला, म्हणजे प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाचे जेवण. मौलाना हसले. “फिदया ज्याला बरं व्हायची आशा नाही त्याने द्यायचा. तुम्ही बरे होणार आहात. तुम्हाला कजा रोजे ठेवायचे आहेत.” चाचा घरी येऊन हे भाभींना तीनदा सांगत होते.

तरी रोजेदारांच्या घरात भरदुपारी खायला बसणे जड जाते. भाभी स्वतः रोज्यात असून खिमट शिजवतात आणि मीठ चाखता येत नाही म्हणून अंदाजाने घालतात. चाचा खोलीचे दार लावून खात. ते शेजारच्या मास्तरांच्या ध्यानात आले. मास्तर निवृत्त शिक्षक, चाचांच्या टोस्टचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक. दुपारी एकला ते हाक मारू लागले. आता चाचांचे दुपारचे जेवण मास्तरांच्या स्वयंपाकघरात होते. मऊ भात, तूप, मेतकूट, पातळ वरण. एकादशीला वहिनींनी दोघांचा उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी केली होती. चिकट म्हणून ती चाचांना वर्ज्य. शेवटी एकादशीच्या दिवशी ब्राह्मणाच्या घरात एकट्या चाचांपुरता वरणभात लागला, याची गंमत दोन्ही घरे अजून सांगतात.

सहेरीला चाचा अजूनही पहिले उठतात. भट्टी बघतात, मुलांना, सुनेला, भाभींना हाका मारतात आणि दस्तरखानाशी नुसते बसून राहतात. तरावीहला खुर्ची आहेच, पण आता लोकांना तिचे खरे कारण ठाऊक आहे. चाचांनीच सांगितले. ते ऐकून पलीकडच्या मोहल्ल्यातली एक बाई सुनेला घेऊन बेकरीत आली. सुनेचेही पाणी अडकते, आणि गोळ्या दोन वर्षे चालू आहेत. चाचांनी नानकटाई बांधून देता देता कागदावर तपासणीचे नाव लिहून दिले.

ईदनंतरच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचे आहे. कजा रोजे कधी सुरू करायचे, ते तेव्हा कळेल. हिवाळ्यातले दिवस लहान असतात, तेव्हा ठेवू, असे चाचांच्या मनात आहे. त्याआधी शीरखुर्म्याचा प्रश्न आहे. चाचांच्या वाटीपुरते काजू, बदाम आणि खारीक भाभी वाटून घालणार आहेत. शेवया मात्र सगळ्यांच्याच मऊ शिजवायच्या, असे ठरले आहे. नातवाला तसा शीरखुर्मा आवडत नाही, पण त्याला कुणी विचारलेले नाही.