तुरींत लाख

अमेरिकेंत गोमांसाच्या खिम्यांत अमोनियाची प्रक्रिया केलेला मांसाचा भुगा मिसळीत असत. शाळेच्या जेवणांतही तो येतो हें कळतांच २०१२ सालीं तेथील पालकांनीं मोठा गवगवा केला. तो जिन्नस विषारी ठरला नव्हता. मुख्य राग होता तो न सांगतां मिसळण्याचा.

आमच्याकडील भर मात्र अधिक घातक. लाखेची डाळ स्वस्त, म्हणून ती तुरीच्या डाळींत व बेसनांत मिसळतात. विदर्भांत धानाच्या शेतांतील ओलीवर हें पीक येतें, आणि दुष्काळांत गरिबांस तिचाच आधार. परंतु महिनोगणती तीच मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडतात, व ते बहुधा पुन्हा सुधारत नाहींत. १९६१ सालीं देशांत बहुतेक ठिकाणीं तिच्या विक्रीस बंदी झाली.

मुलांनीं घरची डाळ ताटांत पसरून पाहावी. तुरीचा दाणा गोलसर. लाखेचा चपटा, एका बाजूनें तिरपा, पाचरीसारखा. बेसनांत ही ओळख पटत नाहीं. यास्तव डब्यांत झुणका देणाऱ्या मातांनीं हरभऱ्याची डाळ निवडून गिरणींत स्वतः दळवून आणावी. लाख उकळत्या पाण्यांत भिजवून तें पाणी टाकल्यास विषाचा बराच अंश जातो, सर्व नव्हे; बेसनास तोही उपाय नाहीं.